उजवा खालचा कोपरा

“भाऊ, गोल घ्यायचे का चौकोनी, ते आधी ठरवा,” गोरक्ष म्हणाला आणि त्यानं आपल्या कॅमेऱ्याच्या दुकानात दोन्ही डबे काउंटरवर उघडून ठेवले.

एका डब्यात लेन्सवर बसवायचे रंगीत काचेचे गोल फिल्टर होते. पिवळा, नारिंगी, लाल. दुसऱ्यात एक काळी चौकट होती, तिला खाचा, आणि सोबत चौकोनी रंगीत पट्ट्या.

“गोल म्हणजे लग्नाची बायको. एका लेन्सला बसला की दुसरीला चालत नाही. चौकोनीचं तसं नाही, नुसती लेन्सवरची कडी बदलायची...” गोरक्ष बोलता बोलता थांबला. त्यानं जीभ चावली. “माफ करा भाऊ. तोंडाला हाड नाही माझ्या.”

“असू दे,” जयराम म्हणाला. “चौकट बसवून दाखव.”

त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला. पेटीसारखा उभा, एकावर एक दोन लेन्स असलेला. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो निघायचा. गोरक्षनं खालच्या लेन्सवर चौकट बसवली आणि खाचेत लाल पट्टी सरकवली.

“बघा. आता कुणी धरायला नको. दोन्ही हात मोकळे.”

जयराम बराच वेळ त्या पट्टीकडं बघत राहिला. मग म्हणाला, “आठ दिवस वापरून बघतो.”

“महिनाभर ठेवा. तुमच्याशिवाय नाशकात डोंगराचे फोटो काढतंय कोण?”

जयरामचा स्टुडिओ देवळाली कॅम्पात होता. जवान येत, टोपी काढून स्टुलावर बसत, पासपोर्टचा फोटो काढून जात. तेवीस वर्षं त्यानं तेच केलं. डोंगराचे फोटो रविवारी. सकाळच्या एस.टी.नं तो आणि चांगुणा निघत, कधी रामशेजला, कधी अंजनेरीला. स्टँड त्याच्या खांद्यावर, भाकरी तिच्याकडं.

काळ्यापांढऱ्या फिल्मवर निळं आभाळ पांढरं फटक येतं आणि ढग त्यात हरवून जातात. लेन्सपुढं लाल काच धरली की आभाळ गडद होतं, ढग उठून दिसतात. हे जयरामला एका फौजी साहेबानं सांगितलं होतं. विकतचा फिल्टर तेव्हा परवडण्यातला नव्हता. त्यानं खिडकीच्या लाल काचेचा दोन इंची तुकडा कापून आणला, चांगुणानं त्याच्या कडा पाट्यावर घासून बोथट केल्या. आणि तो तुकडा लेन्सपुढं धरायचं काम तिच्याकडं आलं. लाल काचेतून उजेड कमी येतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढा वेळ ती उजव्या बाजूला वाकून, श्वास रोखून उभी राही.

जयराम वरच्या लेन्समधून बघे. खाली काचेच्या कडेवरून तिचं बोट थोडं पुढं आलेलं त्याला दिसत नसे. ते दिसायचं घरी, फिल्म धुतल्यावर. उजव्या खालच्या कोपऱ्यात धुरकट डाग.

“आलं बघ परत तुझं बोट.”

“येऊ द्या की. डोंगर तर तेवढाच हाय.”

“हललीस ना तू?”

“मी कशाला हलू? वारं हाललं असंल.”

मग तो मोजपट्टी धरून कोपऱ्यासकट फोटोची ती बाजू कापून टाकी. स्टुडिओत लावलेला प्रत्येक डोंगर असा एका बाजूनं कमी केलेला होता.

गेल्या साली दिवाळीच्या आधी चांगुणा गेली. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती एकदा म्हणाली, “अंजनेरीचा तो फोटो परत काढा. लय चांगले ढग होते. माझ्या बोटानं नासला.”

“तू बरी हो, मग जाऊ.”

“नाय हो. तुम्ही फिल्टर घ्या आता एक.”

ती गेल्यावर महिन्याभरानं लेकीचं, सुलाचं, मालेगावहून पत्र आलं. आईचा फोटो मोठा करून ठेवा, वर्षाच्या कार्यक्रमाला लागेल. त्या पत्राला जयरामनं उत्तर दिलं नाही. सगळ्या कॅम्पाचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा एकही फोटो नव्हता. लग्न खेड्यात झालेलं, तिथं कॅमेरा कुठला? नंतर त्यानं दहादा म्हटलं असेल, बस स्टुलावर. “बाहेर माणसं खोळंबलीत, त्यांचे काढा आधी,” ती म्हणायची. तो त्यांचे काढायचा.

रविवारी तो एकटा अंजनेरीला गेला. पाऊस सरून गेला होता, ढग पांढरे, सुटे सुटे. स्टँड लावला, चौकट बसवली, लाल पट्टी सरकवली. वरच्या लेन्समध्ये डोंगर नीट आला. शटरच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि सवयीनं तो मोठ्यानं म्हणाला, “धर आता. हलू नको.”

मग त्याला कळलं. तो तसाच वाकून थोडा वेळ उभा राहिला आणि खटका दाबला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं दार लावून त्यानं प्रिंट काढली. लाल दिव्याखाली ताटलीतल्या औषधाच्या पाण्यात आधी डोंगराची कड आली, मग ढग. असे ढग त्याला आयुष्यात साधले नव्हते. चारही कोपरे स्वच्छ. तो उजव्या खालच्या कोपऱ्याकडं बघत राहिला. कागद उचलायचं भान राहिलं नाही. ढग राखाडी झाले, मग डोंगर आणि आभाळ एकच काळं झालं.

त्यानं हात पुसले आणि माळ्यावरून डालड्याचा डबा काढला. खराब निगेटिव्ह तो फेकायला सांगायचा आणि चांगुणा त्या डब्यात ठेवायची. “रद्दीत डोंगर कशाला टाकायचे?” म्हणायची. जुना अंजनेरी त्यात सापडला. त्याची त्यानं मोठी प्रिंट काढली. कोपरा कापायला मोजपट्टी हातात घेतली नाही.

गोरक्षला त्यानं डबा परत केला.

“बसली नाही का चौकट?”

“बसली. चांगली बसली.”

“मग?”

“हात मोकळे राहतात,” जयराम म्हणाला.

 गोरक्षनं डबा कपाटात ठेवला आणि चहा सांगितला.

वर्षाच्या कार्यक्रमाला सुला आदल्या दिवशी आली. तिच्याबरोबर तिची आत्या, जयरामची बहीण चतुराबाई. सकाळी पांढरी चादर अंथरली, मूर्तीपुढं मेणबत्त्या ठेवल्या. जयरामनं फ्रेम आणून शेजारी भिंतीला टेकवली.

“दादा, हा तर डोंगर हाय,” सुला म्हणाली. “आईचा फोटो कुठंय?”

“एवढाच आहे.”

“येडा झाला का रे तू?” चतुराबाई म्हणाली. “लोक काय म्हणतील? डोंगराला हार घालायचा?”

 सुलाचा चेहरा उतरला. पण माणसं यायला लागली होती. ती फ्रेमपुढं बसली आणि काच पुसायला लागली. सगळी काच लख्ख झाली, उजव्या खालच्या कोपऱ्यातला डाग तेवढा निघेना. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तिथं जोरानं घासलं.

“पुसू नको,” जयराम म्हणाला.

“डाग हाय दादा इथं.”

“काचेवर नाही तो. आत आहे. तुझी आई लाल काच धरायची ना लेन्सपुढं. तिचं बोट आहे ते.”

सुलाचा हात थांबला. बोटावरचा पदर तिनं हळूहळू सोडला. चतुराबाई जवळ आली, वाकली, डोळे बारीक करून तिनं कोपरा बघितला. मग ताटातला मोगऱ्याचा हार उचलून सुलाकडं दिला.

सुलानं हार घातला. तो लांब होता, खाली लोंबायला लागला. तिनं त्याची उजवी बाजू वर उचलून भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. कोपरा मोकळा राहिला.