ओरिवा टायर्स, ओरिवा डेंटल

सातव्या महिन्यात माझ्या लेकीने होणाऱ्या बाळाचं नाव माझ्या कानात सांगितलं. ओरिवा. अर्थ विचारला तर म्हणे, "काही नाही, मीच जुळवलंय. जगात कुणाचंच नसेल. आणि कुणाला सांगू नकोस हं, ह्यांनासुद्धा अजून सांगितलेलं नाही."

मी पाट्या रंगवते. नाव अक्षरांत उतरवून बघितल्याशिवाय मला ते पटतच नाही, खोडच आहे तशी. दुपारी दुकानात एकटी होते. एका जुन्या पत्र्यावर निळ्या रंगात 'ओरिवा' लिहिलं, लांबून बघितलं आणि टर्पेंटाइनने पुसून टाकलं. नाव देखणं होतं.

त्याच आठवड्यात एक टायरवाला आला. त्याला पाटी हवी होती, 'ओरिवा टायर्स'. मी त्याला ते नाव दोनदा लिहून दाखवायला लावलं.

"हे नाव कुठून आणलंत हो?"

"असंच सुचलं, गाडी चालवताना."

मग दातांची एक डॉक्टरीण आली. 'ओरिवा डेंटल'. मग बाटल्यांत पाणी भरून विकणारे दोघे भाऊ. तिघांचे धंदे वेगळे, रस्ते वेगळे, एकमेकांची तोंडओळखही नाही. मी आमच्या ह्यांच्यावर घसरले, "पिटलीत ना दवंडी?" हे बिचारे ब्रश धूत होते. म्हणाले, "कसली दवंडी? मला कुणी काही सांगेल तर ना! आणि धंदा वेगळा असला की तेच नाव चालतं. गपगुमान पाट्या कर." केल्या.

मग त्या पाट्या परत यायला लागल्या. उतरवलेली पाटी आम्ही पत्र्यासाठी परत घेतो, म्हणून गिऱ्हाइकांच्या घरचे आणून टाकत. टायरवाला नवव्या दिवशी दुकानासकट जळाला. डॉक्टरीण दवाखान्याच्या जिन्यावरून पडली, ती उठलीच नाही. दोघा भावांतला धाकटा पाण्याच्या टाकीत सापडला. थोरला पाटी टेकवून ठेवून गेला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून लेकीकडे धावले. "हे नाव ठेवायचं नाही."

"आई, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. पाया पडते तुझ्या, दुसरं ठेव. आणि ते मला सांगू नकोस. माझ्यापाशी आलेलं नाव बाहेर फुटतं गं."

तिला राग आला, रडलीसुद्धा. पण ऐकलं तिने.

नात झाली. चांगली नाकी-डोळी नीटस, आवाज तर असा की शेजारी दारं लावून घेतात. चार महिने झाले, मी तिला 'ठमे' म्हणते. माझ्यासमोर बाकी सगळे 'बाळ' म्हणतात. स्वतःच्या नातीचं नाव माहीत नसलेली आजी जगात मी एकटीच असेन. जीव तुटतो. पण पोर धडधाकट आहे, आणखी काय हवं?

काल सकाळी चपलांचा एक दुकानदार पाटी सांगायला आला. त्याने दिलेलं नाव एखाद्या मुलीला शोभेल असं होतं.  ठमीचं नाव हेच तर नसेल? विचारायची तरी सोय आहे का! आत जाऊन लेकीला फोन लावला.

"ठमी कशी आहे?"

"झोपलीय."

"उठव तिला."

"अगं, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा..."

"उठव म्हणते ना!"

माझ्या आवाजाने ती घाबरली असणार. फोन पलंगावर टाकला आणि सवयीप्रमाणे लेकराला नावाने हाक मारली. फोन कानापासून लांब करायच्या आत मी ते ऐकलं. चपलांच्या दुकानाचं नाव ते नव्हतं. मागोमाग ठमीने भोकाड पसरलं. मी हसता हसता रडले. किती गोड नाव ठेवलं होतं माझ्या पोरीने!

डोळे पुसून बाहेर आले. चपलांवाला बाकावर मोबाइल बघत बसला होता. त्याने मान वर केली.

"मावशी, लिहायला घेतलं नाही ना अजून? मघाचं राहू द्या. आत्ताच दुसरं सुचलं बघा एक."

"सांगू नका," मी ओरडले. पण तोवर त्याने माझ्या नातीचं नाव घेतलं होतं.