यादीतला पहिला आवाज

ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी मी सिनेमाखालच्या इंग्रजी ओळी लिहिते. पडद्यावर दार आपटलं, ढग वाजले, इमारत कोसळली की तो आवाज एका शब्दात मांडायचा, हे माझं काम. एका शब्दावर मी अर्धा अर्धा तास घालवते. त्यामुळे आवाजाच्या शब्दांत कुणी हलगर्जीपणा केला की माझं डोकं फिरतं. मामाच्या बाबतीत जे झालं, त्याला हलगर्जीपणा म्हणणंसुद्धा फार सौम्य होईल.

मामा पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर सव्वीस वर्षं पंप चालवत होता. त्याच्याकडे हातभर लांबीचं एक लाकडी दांडकं होतं. कामावर आला की त्याचं एक टोक बेअरिंगच्या झाकणावर टेकवायचं, दुसरं डाव्या कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. नवे इंजिनिअर आधी त्याला हसायचे आणि यंत्र अडलं की गुपचूप त्यालाच हाक मारायचे. मामी म्हणायची, बेअरिंगचं सगळं ऐकू येतं या माणसाला, माझं तेवढं येत नाही.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी तीन नंबरच्या पंपाचा आवाज बदलला. मामाने ऑफिसात फोन करून सांगितलं, खालून घरघर येतेय, थांबत नाही, पायांतून वर पोटात कळतेय, बेअरिंग उघडून बघा. पंप स्वतः बंद करायचा अधिकार त्याला नव्हता, त्याला साहेबांचा हुकूम लागतो. म्हणून तो रोज फोन करत राहिला, अकरा दिवस. मधे दोनदा देखभालीची माणसं आली. ती पंपहाऊसच्या दुसऱ्या टोकाला गेली, व्हॉल्व्ह ठोकून बघितले आणि 'दोष आढळला नाही' असं लिहून परत गेली. मामा त्यांच्या मागे मागे फिरून बेअरिंग दाखवत होता आणि ती त्याला हातातला कागद दाखवत होती.

बाराव्या दिवशी सकाळी दहा वाजता शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरता दांडा, तुटला. बेअरिंगचं झाकण उडून भिंतीत घुसलं, तेव्हा मामा त्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. कुठे रक्त आलं नाही, म्हणून सगळे म्हणाले, थोडक्यात बचावला.

अर्ध्या शहराला चार दिवस पाणी नव्हतं, म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडणं आलंच. ते मामाच्या डोक्यावर फुटलं. अकरा खोट्या तक्रारी करून त्याने देखभाल विभागाची दिशाभूल केली, तर पंप चालवण्याचा त्याचा परवाना रद्द का करू नये, अशी इंग्रजी नोटीस आली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, पण त्याचं त्याला काही नव्हतं. "मी खोटं ऐकलं म्हणतात," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, तेही मान वाकडी करून, उजवा कान माझ्याकडे करून. ती वाकडी मान मला तेव्हाच दिसायला हवी होती.

नोटिशीसोबत अकरा तक्रारींच्या छापील प्रती होत्या. 'आवाजाचा प्रकार' या रकान्यात अकराही ठिकाणी एकच शब्द होता. बँग.

मी बसल्या जागेवरून उठलेच. बँग म्हणजे धाड. एकदाच होतो, कोरडा असतो, झाला की संपला. बूमसुद्धा मोठाच, पण तो पोकळ असतो, लांबून येतो आणि घुमत राहतो. थड म्हणजे जड पोतं धप्पकन पडावं तसा. आणि मामा जे अकरा दिवस सांगत होता त्याला रम्बल म्हणतात, खोल, न थांबणारा, कानाआधी पोटाला कळणारा. कागदावर बँग वाचून माणसं व्हॉल्व्हकडे गेली, कारण पाणी उलटं आलं की व्हॉल्व्ह धाडकन आपटतो. रम्बल वाचलं असतं तर त्यांनी बेअरिंग उघडलं असतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना कागदच चुकीचा दिला होता.

चौकशी इंग्रजीत होणार होती, म्हणून मी मामाची दुभाषी म्हणून गेले. टेबलापलीकडे चौकशी अधिकारी बाई, शेजारी देखभालीचे साहेब आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी तक्रारी नोंदवणारे क्लार्क. मी क्लार्कना म्हटलं, तक्रार कशी भरता ते दाखवा. त्यांनी मोठ्या उत्साहाने दाखवलं. आवाजाच्या रकान्यात सतरा इंग्रजी शब्दांची यादी होती, अक्षरांच्या क्रमाने लावलेली. काहीच निवडलं नाही तर पहिला शब्द आपोआप बसायचा, आणि पहिला शब्द होता बँग.

"मग तुम्ही खालचे शब्द कधी निवडता?" मी विचारलं.

"खाली कोण जात बसणार?" ते म्हणाले. "आवाज तो आवाज."

मी बाईंना गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या तक्रारी काढायला लावल्या. पाइपातून वाफ फुसफुसते, बँग. दार कुरकुरतं, बँग. एकाने तर फोनची घंटा वाजतच नाही अशी तक्रार केली होती, तीही बँग. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एका माणसाची सव्वीस वर्षांची इभ्रत यांनी एक बोट हलवायचे कष्ट वाचवण्यासाठी घालवली होती.

साहेब तरीही मागे हटेनात. चालकाने योग्य इंग्रजी शब्द सांगायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी ते मामाला मराठीत सांगितलं.

मामा शांतपणे म्हणाला, "साहेब, मला ऐकायला ठेवलं होतं. मी ऐकलं."

मी ते इंग्रजीत सांगितलं, त्यात माझ्या पदरचं एक अक्षर घातलं नाही.

आठ दिवसांनी निकाल आला. तक्रारी खऱ्या ठरल्या, नोटीस मागे घेतली, क्लार्कना समज दिली. मामीने शेजारीपाजारी सगळ्यांना बोलावून सांगितलं. परवाना परत चालू करण्याआधी फक्त एक तपासणी उरली होती, कानांची. नियमच तसा आहे, पंप चालवणाऱ्याचे दोन्ही कान शाबूत हवेत.

डाव्या कानाने मामाला काही ऐकू आलं नाही. शाफ्ट तुटला तेव्हा खरोखरच बँग झाला होता, सगळ्या प्रकरणातला तेवढा एकच, आणि तो त्या कानात शिरून कान घेऊन गेला होता. मामाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खोटा ठरलेला माणूस आता सबबी सांगतोय असं म्हणतील, म्हणून तो बोलला नव्हता. डॉक्टरांनी दोनदा तपासून परवान्याच्या कागदावर नकार लिहिला. मला कुणावर ओरडावं तेही कळेना, कारण डॉक्टर बरोबर होते.

मग नर्सने एक फॉर्म पुढे केला. कानात सतत आवाज येत असल्यास त्याचा प्रकार इंग्रजीत लिहावा. मी मामाच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं, आत कसला आवाज येतो.

"तोच," तो म्हणाला. "तीन नंबरचा. थांबत नाही."

मी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"रम्बल."

"वाचून दाखव," मामा म्हणाला. "यादीतला पहिलाच टाकला नाहीस ना?"