छत कुणाचं

जमाईषष्ठीला, म्हणजे जावयाच्या मेजवानीच्या सणाला, आणलेले जिवंत मागूर मासे जेवणापर्यंत तगावेत म्हणून वरच्या भवतोषदांनी बाथरूममधल्या बादलीवरचा नळ सकाळपासून सोडून ठेवला, आणि खाली मंदिराबौदींच्या बाथरूमचं छत थेट त्यांच्या अंबाड्यात गळायला लागलं. बौदी तणतणत वर गेल्या.

जावयाला आंबा कापून देत भवतोषदा म्हणाले, "फरशीपर्यंत आमचं, बौदी. खालचं सगळं तुमचं छत. दुरुस्ती तुम्हीच करा."

माणूस मेला निगरगट्ट. बौदी तासाभरात गवंडी घेऊन परत आल्या.

"माझं छत मी आज उतरवतेय. तुमची फरशी तेवढी धरून ठेवा, भवतोषदा. आणि जावईबापूंना आत्ताच बाथरूमला जाऊन यायला सांगा. नंतर बसतील तुमच्याकडे आणि उठतील माझ्याकडे."