अंगठ्याखालचं बटण

परशराम वायरिंगवाला भित्रा होता, हे निपाणीत सगळ्यांना ठाऊक. बॅटरीच्या ठिणगीला न भिणारा हा गडी पोलिसाची टोपी दिसली की गल्ली बदलायचा. आणि जिनदत्त अण्णांच्या गाडीला भोंगा बसवून दिला, त्या दिवसापासनं तर त्याच्या जिवाला घोरच लागला.

अण्णा तंबाखूचे व्यापारी. ब्याऐंशी साली त्यांनी नवी अँबॅसिडर घेतली. तेव्हा गाड्या पळवायचं नुसतं पेव फुटलं होतं. कोगनोळीचा नाका ओलांडून गाडी महाराष्ट्रात गेली, की रंग, नंबर सगळं बदलायचं. मग बसा बोंबलत. अण्णा म्हणाले, "परशा, चोरानं किल्ली फिरवली की गाव गोळा झाला पायजे. असं कायतरी कर."

परशरामनं केलं. ट्रकचा भोंगा मडगार्डात आतल्या अंगाला दडवला. नव्या वायरींना जुनी टेप गुंडाळून वर ग्रीस आणि माती चोळली, कंपनीतनंच आल्यासारख्या दिसाव्यात म्हणून. राहिलं भोंगा गप्प ठेवायचं बटण. ते कुठं लपवायचं? अण्णा गाडीला लक्ष्मी मानायचे, चपला काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत, कुणाला टाकू द्यायचे नाहीत. परशरामनं ते हेरलं आणि क्लचशेजारी, मॅटखाली, वाटाण्याएवढं बटण बसवलं. अनवाणी अंगठ्याला ते बरोबर लागायचं. बुटाला काय डोंबल कळणार? दर खेपेला आधी अंगठ्यानं दाबायचं, मगच किल्ली फिरवायची. विसरलात की बोंब.

"हे तुला आणि मला," अण्णा म्हणाले. "तिसऱ्याला न्हाय."

घोर लागला तो ह्याचाच. उद्या गाडी गप्प निघून गेली, तर लोक बोट कुणाकडं दाखवणार? परशरामनं बायकोला, तानुबाईलासुद्धा सांगितलं नाही.

एके दिवशी अण्णा कुणाच्या तरी जीपमधनं सदलग्याला पूजेला गेले. गाडी गावाबाहेरच्या वखारीत, तंबाखूच्या गोदामात होती. दुपार कलल्यावर दोघं अनोळखी गडी मोटरसायकलवरनं परशरामच्या दुकानी आले. एक दाढीवाला, दुसऱ्याच्या पायात जाड बूट.

"अण्णांनी वखारीत बोलावलंय. गाडी चालू हुईना."

"अण्णा तर सदलग्याला गेलते न्हवं?"

"आले की मघाशीच."

आणि हा बसला की त्यांच्या मागं! भित्र्या माणसानं नेमकं नको तिथं भ्यायचं सोडलं.

वखारीत अण्णा नव्हतेच. कुलूप तुटलेलं, गाडीचं बॉनेट उघडं, बॅटरीची वायर उपसलेली. भोंगा वाजला होता तर! पण त्या रानात ऐकायला होतं कोण? दाढीवाल्यानं चाकू काढला.

"निपाणीत गाडीचं वायरिंग दुसरं कोण करतंय? तूच बसवलास, तूच काढ."

काढला तर जन्मभर चोर म्हणून जगायचं. नाही काढला तर जगायचंच नाही. देवा, कुठं आणून घातलंस! तशातही त्यानं सवयीनं गाडीच्या दाराशी चपला काढल्या, जोडून ठेवल्या आणि आत चढला. बूटवाल्यानं बॅटरी जोडली. परशरामनं डॅशबोर्डखाली डोकं घालून आतल्या दिव्याची एक वायर तोडली, ओढून दाखवली. "झालं." मग हळूच अंगठा दाबला आणि चोरांनी आणलेली बनावट किल्ली फिरवली. इंजिन गुमान चालू झालं.

शूरपणा कसला? हे गाडी घेऊन जातील, आपण पळत पोलिसांत जाऊ, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण दाढीवाला म्हणाला, "नाका ओलांडस्तवर तूबी चल."

बूटवाला स्टेअरिंगवर बसला. परशराम मागं, बरगडीला चाकू. गाडी हमरस्त्याला लागली आणि मग त्याच्या ध्यानात आलं. नाक्यावर इंजिन बंद करायला लावलं तर? पुन्हा किल्ली फिरली की भोंगा, आणि भोंगा वाजला की चाकू आत! नको रे बाबा, कुणी थांबवू नको, असं तो चोरांच्याच बरोबरीनं मनात म्हणायला लागला.

कोगनोळीला ट्रकांची रांग होती. शिपायानं हात आडवा केला. "गाडी बंद माडरी! बंद करा, डिक्की उघडा."

इंजिन थांबलं. बूटवाल्यानं डिक्की दाखवली आणि परत येऊन बसला. त्याचा हात किल्लीकडं गेला.

'अंगठ्याजवळ बटण हाय, ते दाब.' एवढं बोललं की जीव वाचत होता. शब्द अगदी ओठावर आले होते. पण त्याला निपाणीची पेठ दिसली आणि खाली मान घालून तिथनं जाणारी तानुबाई दिसली. त्यानं दात आवळले, डोळे मिटले.

भोंगा असा बोंबलला की ट्रकवाले खाली उड्या टाकून धावत आले. चाकूनं सदरा फाडला, कातडी खरचटली. तोवर दोन्ही दारं उघडून दोघं उसात पसार झाले. सापडला तो एकटा परशराम.

"कळ्ळ! चोर, चोर!" लोक ओरडले.

परशरामनं भोंग्याची, बटणाची सगळी हकिकत सांगितली, तसं फौजदारानं दरडावलं, "बटण कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"अण्णांना... आणि मला."

"म्हंजे तूच की!"

चाकूपेक्षा हे वाईट होतं. चाकू एकदाच लागला असता.

दिवेलागणीला अण्णा वखार बघून नाक्यावर आले. फौजदारानं सगळं ऐकवलं. अण्णा परशरामकडं बघेनात, तशी त्याची उरलीसुरली आशा गेली. मग अण्णांनी पिशवीत हात घातला आणि जुन्या झिजलेल्या चपला बाहेर काढल्या.

"वखारीत घावल्या. गाडीच्या दाराशी जोडून ठेवलेल्या," अण्णा म्हणाले. "फौजदारसाहेब, गाडी पळवणारा चपला जोडून मागं ठेवतोय व्हय? ह्याला सोडा. माझा माणूस हाय ह्यो."

परशरामनं चपला घातल्या, गाडीपर्यंत गेला आणि दाराशी पुन्हा काढायला लागला.

"आरं, आज राहू दे पायात," अण्णा म्हणाले.

"नको अण्णा," असं म्हणून त्यानं चपला काढल्या, उराशी धरल्या, आणि आत बसल्यावर त्याला रडू फुटलं.