आधी पत्र, मग झेंडा

वहिनींना कंट्रोल रूममधून घरी बसवलं त्याला बारा दिवस झाले होते. या बारा दिवसांत त्यांनी घरातली कपाटं तीनदा लावली, दोन शेजारणींशी समेट केला आणि तिसरीशी नव्याने भांडण काढलं. एकोणीस वर्षं आगीचे फोन घेतलेल्या बाईने दुपारी दुसरं करायचं तरी काय? त्यांचे यजमान, म्हणजे दादा, सायकली दुरुस्त करतात. पंक्चर सापडेपर्यंत ट्यूब पाण्यात बुडवत राहायची हा त्यांचा धंदा, आणि आता स्वभावही. बायकोलाही ते रोज एकदा बुडवून बघत.

"पण तू नीट वाचलं होतंस ना? चष्मा होता ना डोळ्यांवर?"

"चष्मा होता, चष्म्यामागे डोळेही होते. पडद्यावर जो पत्ता होता तोच वाचला आणि तिकडेच बंब पाठवला. अजून किती वेळा सांगू?"

झालं होतं ते एवढंच. एका शिंप्याच्या दुकानाला आग लागली. तिथून फोन आला, पण धुराने बोलणाऱ्याला शब्द फुटेना. असं झालं तर अडत नाही, कारण फोन कुठून आला तो पत्ता आपोआप पडद्यावर येतो. वहिनींनी पत्ता पाहून बंब धाडला. बंब शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीखाली जाऊन उभा राहिला. तिथे आग नव्हती, धूर नव्हता, फक्त चकित झालेला पहारेकरी होता. खऱ्या आगीपर्यंत पोचायला अकरा मिनिटं उशीर झाला. शिंपी वाचला, पण त्याचे दोन्ही हात भाजले. आणि नोंद तपासली तर तिच्यात शिंप्याचाच पत्ता, अगदी बरोबर. म्हणजे यंत्राने बरोबर सांगितलं आणि बाईने चुकीचं वाचलं. चौकशी लागली. ठपका आला की नोकरी जाणार, आणि पुन्हा कुठल्याच शहरात त्या खुर्चीवर बसू देणार नाहीत.

रविवारी सकाळी धाकटे दीर आले. त्यांच्या कचेरीत त्यांना मास्तर म्हणत, कारण दुसऱ्यांचे प्रोग्रॅम ते छापून घेत आणि लाल पेनाने तपासत. कंट्रोल रूममधलं यंत्र त्यांच्याच कंपनीचं. त्यामुळे मास्तर बारा दिवस या विषयाला बगल देऊन बोलत होते. घरच्या माणसाने चूक केली असं वाटत असलं की आपण हवापाण्यावर किती बोलतो, हे कोणीतरी एकदा मोजायला हवं.

"वहिनी, बंब गेला तो पत्ता कोणाचा होता?" त्यांनी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"सकाळी एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती, तिचा. तो फोनही मीच घेतला होता."

"मधे किती फोन झाले?"

दादा हसले. "तिला मागच्या वर्षीचे विचार, सांगेल."

वहिनी बोटांवर मोजू लागल्या. लिफ्टनंतर झाडावरचं मांजर, मग जळक्या वासाचा एक, मग दारू प्यालेला, तो दोनदा, मग गॅसची नळी, मग शाळेच्या तळघरातलं पाणी... कोणाचा आवाज कसा होता तेही त्या सांगत होत्या. "...आणि शिंपी सोळावा."

मास्तरांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सोळाच.

"काय झालं हो भाऊजी? तोंड का उतरलं?"

"काही नाही," मास्तर म्हणाले आणि जेवायला न थांबता निघाले.

सोळा हा आकडा त्यांचा स्वतःचा होता. त्या यंत्राच्या पोटात दोन कारभारी असतात. एक आतला, त्याला कर्नेल म्हणतात. बाहेरून येणारा प्रत्येक संदेश, म्हणजे एकेका फोनाचा पत्ता, पहिल्यांदा त्याच्या हाती पडतो. दुसरा बाहेरचा प्रोग्रॅम, जो तो संदेश पडद्यावर मांडतो. पूर्वी आतला कारभारी प्रत्येक संदेशाची नक्कल करून बाहेरच्याला द्यायचा, आणि दर वेळी दाराशी थांबाथांब. गर्दी झाली की फोन तुंबायचे. मास्तरांनी ते दारच काढून टाकलं. फोन घेणाऱ्या प्रत्येक टेबलासाठी दोघांच्या मध्ये एक सामाईक मांडणी ठेवली, गोल, सोळा खणांची, दोन्हीकडून उघडी. आतल्याने खणात पत्र ठेवायचं आणि खणावरचा झेंडा वर करायचा. बाहेरच्याने झेंडा दिसला की पत्र वाचायचं आणि झेंडा खाली करायचा. सोळा खण झाले की पुन्हा पहिला. जुनं पत्र कोणी उचलून टाकत नाही, नवं त्याच्याच जागी बसतं. नक्कल नाही, विचारणं नाही. नियम एकच: आधी पत्र, मग झेंडा.

हा नियम पाळला जावा म्हणून मध्ये एक ओळ होती. तिचा अर्थ, थांब, पत्र नीट बसल्याशिवाय झेंड्याला हात लावू नकोस. तीन वर्षांपूर्वी मास्तरांनी ती ओळ खोडली. तेव्हाचा प्रोसेसर सरळमार्गी, सांगितलेल्या क्रमानेच काम दाखवणारा. त्याला हे बजावायची गरजच नव्हती. ओळ गेली, यंत्र आणखी पळू लागलं, बैठकीत मास्तरांसाठी टाळ्या पडल्या. गेल्या वर्षी यंत्रं बदलली. नवा प्रोसेसर हुशार, आणि हुशार माणसांची खोड त्याला आहे. बजावलं नाही तर कामं तो आपल्या सोयीने मागेपुढे करतो. फार क्वचित, गर्दीत, झेंडा आधी दिसतो आणि पत्र पापणी लवण्याच्या लाखाव्या हिश्श्याने मागून येतं. तेवढ्यात बाहेरचा वाचून मोकळा. वाचतो काय, तर खणातलं जुनं पत्र. बरोबर सोळा संदेशांपूर्वीचं.

आणि नोंद? नोंद ठेवणारा तिसरा प्रोग्रॅम सावकाश, मागाहून येतो. तो खणात डोकावतो तोवर नवं पत्र बसलेलं असतं. उशिरा आलेला साक्षीदार नेहमीच खरं सांगतो, म्हणून तर त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास.

मास्तर सोमवारी सकाळी व्यवस्थापकांसमोर उभे राहिले. या गृहस्थांना कचेरीत टाचणी म्हणत. दोन कागद मोकळे दिसले की ते एकमेकांना टोचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"चूक माझी आहे. ती ओळ परत घालू द्या. पाच मिनिटांचं काम."

"दोष सिद्ध झाल्याशिवाय आगीच्या यंत्रातली एकही ओळ बदलायची नाही," टाचणी म्हणाले. "मास्तर, नियम तुम्हीच लिहिलाय. खाली सही आहे तुमची."

होती. लाल पेनाने.

मग मास्तर दोष पकडायला बसले. चाचणीच्या खोलीतल्या यंत्रावर त्यांनी खोटे फोन सोडले, कोट्यवधी. कुठला संदेश कधी वाचला हे कळावं म्हणून लॉग लावला, म्हणजे प्रत्येक झेंड्याला प्रोग्रॅम एक टिपण लिहू लागला. एकही चूक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की टिपण लिहिण्यात जो क्षण जातो, तेवढ्यात पत्र आपलं नीट येऊन बसतं. मग लॉग काढला. आता चूक झाली तरी कळणार कशी? नुसते आकडे जुळतात का एवढंच बघणारी एक हलकी युक्ती केली. नऊ दिवस यंत्र घुमत राहिलं. शून्य. खऱ्या कंट्रोल रूमची गर्दी, सगळ्या टेबलांवर एकदम येणारे फोन, ते त्या थंडगार खोलीत आणणार कुठून? आणि खऱ्या कंट्रोल रूममध्ये प्रयोग करायला कोण देणार?

"हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात ना," मास्तर दादांना म्हणाले. "इथे काकण आहे, हातही आहे, आणि आरसा धरला की काकण गायब."

"मग आरसा धरू नकोस."

"मग ते काकण आहे असं मानेल कोण?"

दादांना यातलं काही कळलं नाही, पण ट्यूब पाण्यात घातली की भोक बुजतं, एवढं त्यांनी ताडलं. त्या दिवसापासून त्यांनी बायकोला चष्म्याचं विचारणं बंद केलं. घरातल्या घरात लागलेला निकाल तेवढा.

चौकशीची खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याचा जग, माणसांपेक्षा दोन ग्लास कमी. अध्यक्षबाई भल्या होत्या. त्या आरडाओरडा करणाऱ्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मांडणीचं चित्र काढून घेतलं, आणि चित्र बरोबर समजून घेतलं.

"म्हणजे पडद्यावर जुना पत्ता आला, नोंदीत नवा. असं होऊ शकतं?"

"हो."

"झालेलं कोणी पाहिलंय?"

"वहिनींनी."

टेबलाच्या टोकाला कोणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "वहिनी म्हणजे?"

"म्हणजे... या. माझ्या थोरल्या भावाची बायको."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मास्तरांनी घाईघाईने ओळ खोडल्याची तारीख पुढे केली, त्यावर त्यांचं नाव होतं. सोळाव्या फोनाचा हिशेब मांडला.

"तो सोळा फोनांपूर्वीचा पत्ता यांनीच घेतला होता," बाई हळूच म्हणाल्या. "माणसाच्या डोक्यातही राहू शकतो."

"बरोबर सोळावाच?"

"एकदा योगायोग होतो. दुसऱ्यांदा झालेला दाखवा. मी आजच लिहून देते, दोष यंत्राचा."

वहिनी भिंतीशी खुर्चीत बसल्या होत्या. "मॅडम, मला दारुड्याच्या मुलीचं नावसुद्धा आठवतंय, त्याने फोनवर सांगितलेलं. पत्ता चुकेन मी?"

"आठवण चांगली आहे म्हणूनच तर," बाई म्हणाल्या.

त्या वेळी कंपनीतर्फे आलेल्या टाचणींना आपली संधी सापडली. "मॅडम, मास्तरांच्या शंकेचा मान राखू. कंट्रोल रूममध्ये दोन महिने लॉग लावू. लॉग म्हणजे दुरुस्ती नव्हे, निरीक्षण. त्याला मंजुरी लागत नाही. दोष असेल तर सापडेल."

"सापडणार नाही!" मास्तर उभेच राहिले. "लॉग लावला की दोष होतच नाही. टिपण लिहिण्यात वेळ जातो, तेवढ्यात..."

"होतच नाही? मग उत्तमच की!" टाचणी म्हणाले. "लोकांना बंब वेळेवर मिळेल. तुमची हरकत कशाला आहे?"

सगळे मास्तरांकडे बघू लागले. हरकत कशाला आहे, हे सांगायचं कसं? लॉग लावला तर शहर सुखरूप, आणि वहिनींचा पुरावा कायमचा बुजला. नाही लावला तर पुन्हा कधीतरी, कोणत्या तरी गर्दीत, कोणाच्या तरी घराऐवजी बंब भलतीकडे. टाचणींना यातलं काही ठाऊक नव्हतं. न कळता माणूस इतकं अचूक टोचू शकतो, याचा मास्तरांना रागसुद्धा करता येईना.

"नाही, हरकत नाही," ते म्हणाले.

लॉगची ओळ त्यांनीच घातली, कारण ती सोळा खणांची मांडणी दुसऱ्या कोणाला समजत नव्हती. वहिनींनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दोन महिन्यांत कंट्रोल रूममध्ये एकही पत्ता चुकला नाही. अहवाल दीड पानी होता. यंत्रात दोष आढळला नाही. संबंधित कर्मचारी कामावरून दूर झाल्यापासून एकही तक्रार नाही. सबब ठपका कायम. लॉग तसाच चालू ठेवावा, त्याने नुकसान नाही. ओळ परत घालण्याचा मास्तरांचा अर्ज अहवालाला टाचून परत आला होता. दोष नाही, तर दुरुस्ती कशाची?

मास्तर अहवाल घेऊन दुपारी घरी आले. दादा दुकानात होते. वहिनींनी कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," त्या म्हणाल्या. "पण चोर कोण हेही धड नाही."

"चोर मी आहे, वहिनी."

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही कबूल केलंत तर त्यांना वाटलं दीर वहिनीला वाचवतोय. वाईट असतात ते दीर बरे, कोर्टात उपयोगी पडतात." त्या किंचित हसल्या. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "आता पत्ते बरोबर येतात ना?"

"येतात."

"त्या तुमच्या लॉगमुळे."

"हो."

"आणि तो काढला तर?"

हा प्रश्न मास्तरांच्या डोक्यात अहवाल हाती पडल्यापासून होता, पण दुसऱ्याच्या तोंडून तो इतका साधा वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तर पुन्हा होईल," ते म्हणाले. "उद्या होईल, नाहीतर वर्षाने. त्या खुर्चीवर दुसरी कोणी असेल. मग चौकशीला दुसऱ्यांदा झालेलं दाखवता येईल."

"आणि बंब?"

"उशिरा जाईल."

"कोणाकडे?"

"ते सांगता येत नाही."

वहिनींनी कागदाची आणखी एक घडी घातली. "काढणं तुमच्या हातात आहे?"

"एक ओळ आहे, वहिनी. कोणाला कळणारही नाही."

"मग मला विचारू नका, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मी हो म्हणेन."

त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं नाही, नुसतं ओढलं. मास्तर खुर्चीत बसून राहिले. उठलं की कुठेतरी जावं लागलं असतं, आणि कचेरी चालत दहा मिनिटांवर होती.