स्तेर्गोचा पहिला अर्थ

निवृत्त झाल्यावर कुणी बाग करतं, कुणी शेजाऱ्यांच्या चौकशा करतं. मास्तरांनी प्राचीन ग्रीकचा मराठी शब्दकोश करायला घेतला. ही भाषा त्यांनी कॉलेजात आयुष्यभर शिकवली होती आणि तेवढ्या काळात विद्यार्थी मिळाले ते बोटांवर मोजण्याइतके. आता जेवणाच्या टेबलावर त्यांची एकेका शब्दाची कार्डं पसरलेली असत. सून ताटं घेऊन आली की विचारी, "बाबा, आज कोणत्या अक्षरावर वाढू?"

मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्यामुळे घरात सासरा आणि सून, दोघंच. सुनेचं खालीच रस्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. ती मोठ्याने हसायची, मोठ्याने बोलायची आणि भांडीही मोठ्याने घासायची.

मास्तरांचा एक नियम होता. शब्दाचा अर्थ एका वाक्यावरून ठरवायचा नाही. तो शब्द कोण बोललं, कुणाबद्दल, कोणत्या प्रसंगात, हे निदान दहा ठिकाणी बघायचं आणि मगच लेखणी उचलायची. एका वाक्यावर अर्थ लावणाऱ्याला कोश उशाला देऊन झोपवा, असं ते वर्गात म्हणत.

त्या आठवड्यात 'स्तेर्गो' हे क्रियापद त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. जुन्या ग्रंथांत ते आईबाप लेकरांवर आणि लेकरं आईबापांवर करतात त्या मायेसाठी येतं. राजा आणि प्रजा, धनी आणि त्याचा कुत्रा, यांच्यासाठीही येतं. आणि तेच क्रियापद वाट्याला आलेलं गोड मानून घेण्यासाठी, चालवून घेण्यासाठीही येतं. प्रश्न एवढाच होता की कार्डावर एकचा आकडा कशापुढे घालायचा, 'माया करणे'पुढे की 'चालवून घेणे'पुढे? कोशात पहिल्या अर्थाला मान असतो. घाईतला वाचक दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही.

बुधवारी त्यांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून ते दुकानात उतरले. सून आतल्या बाजूला पाठमोरी उभी राहून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "सासऱ्यांचं काय विचारतेस! घेतेय चालवून. करते काय!" आणि ती हसली.

मास्तर आल्या पावली परत फिरले. वर येऊन नाकावरून घसरणाऱ्या चष्म्यानेच त्यांनी 'चालवून घेणे'पुढे एकचा आकडा घातला आणि 'माया करणे'पुढे दोनचा. मग थोरल्या मुलीला फोन केला. "कधीची बोलावतेस ना? रविवारी येतो."

रात्री जेवताना त्यांनी सुनेला सांगितलं, "रविवारी ताईकडे जातोय."

"किती दिवस?"

"राहीन आता तिकडेच."

सुनेच्या हातातला डाव तसाच राहिला. "बरं," ती म्हणाली. त्या रात्री भांडी अजिबात वाजली नाहीत.

मास्तरांना फार वाईट वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांना कुठेही जायचं नव्हतं. पण कुणाच्या जिवावर ओझं होऊन राहण्यापेक्षा आपण होऊन उठलेलं बरं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि एकदा मनाने घेतलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

शनिवारी बॅग भरताना मात्र ते मोज्यांची जोडी हातात धरून पलंगावर बसले. कार्ड मनात खुपत होतं. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेला नियम आपण मोडला, आणि मोडला तोही घरच्या माणसाच्या बाबतीत. एक वाक्य, तेही फोनवरचं, मैत्रिणीशी बोललेलं! ते उरलेली ठिकाणं आठवू लागले. प्रकाशक फोनवर म्हणाला होता, हा कोश वाचणार कोण? तेव्हा सुनेने फोन हिसकावून त्याला असं काही फैलावर घेतलं की तो बिचारा माफी मागून मोकळा झाला. दुकानात डोळे तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, आमचे बाबा कोश लिहितायत. त्यामुळे कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा विचारायचा, "मास्तर, कोणत्या अक्षरावर आलात?" ती चिडलेली ठिकाणंही होती. ओला टॉवेल, उघडा नळ, उतू गेलेलं दूध. नियमाप्रमाणे त्यांनी तीही धरली.

मग ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बुधवारी फोनवर म्हणालीस, सासऱ्यांना घेतेय चालवून."

सून चमकली. "ऐकलंत तुम्ही? आणि म्हणून निघालात?"

"हो."

"अहो बाबा, मग खोटं काय बोलले? घेतेच की चालवून! नळ उघडा टाकून ग्रीसला जाता तुम्ही! आणि मैत्रिणीला काय सांगू, सासरे म्हणजे माझा जीव की प्राण? हसली असती ती मला." तिने गॅस बंद केला. आवाज एकदम खाली आला. "आणि तुम्ही? तुम्ही नाही का मला चालवून घेत? मुलाने आणून ठेवली आणि तो गेला समुद्रावर. पदरी पडलं पवित्र झालं. तसंच ना?"

मास्तर 'नाही' म्हणायला गेले, पण खोटं बोलायची सवय नव्हती.

"आधी तसंच होतं," ते म्हणाले. "तुझं हसणं मला सहन व्हायचं नाही."

"आणि आता?"

"आता तुला दुकानातून यायला उशीर झाला की मला एक शब्द सुचत नाही."

सून वळून ओटा पुसू लागली. तो आधीच पुसलेला होता. पुसता पुसता ती म्हणाली, "मग तिकडे जाऊन कोश कसा करणार होतात?"

हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ताईंना फोन तुम्ही करता की मी करू?"

"तूच कर. मी केला तर ती रागावेल."

मास्तर टेबलाशी बसले, स्तेर्गोचं कार्ड पुढे ओढलं आणि दोन्ही अर्थांपुढचे आकडे खोडून टाकले. स्वयंपाकघरात सुनेने फोन लावला होता.

"ताई, बाबा येत नाहीयेत," ती नेहमीसारखी मोठ्याने सांगत होती. "नाही, तब्येत उत्तम आहे. मला करमणार नाही म्हणून."