सांधा नसलेलं चाक

नशिबाचं चाक कुणाला दिसलंय, असं आपण सहज म्हणून जातो. भोवरेकाकांना मात्र ते दिसलं होतं. त्यांनी त्याला रंधा मारला होता, सरस पाजला होता आणि लेकराला न्हाऊमाखू घालावं तसं ते वर्षानुवर्षं पुसलं होतं.

काका टीव्हीच्या स्टुडिओत सुतार होते. बक्षिसांच्या खेळाचं ते पुरुषभर उंचीहून मोठं चाक त्यांनी बनवलं, आणि तेव्हापासून ते सगळ्यांचे भोवरेकाका झाले, खरं नाव घरच्या पाटीपुरतं उरलं. खेळात सगळंच हाताचं काम होतं. उत्तरांच्या फळ्यावर अक्षरं गर्रकन फिरायची तेव्हा घरोघरी लोकांना वाटायचं, मागे केवढं यंत्र असेल! मागे असायचा रंगारी. तीन तोंडांचे उभे खांब तो हातानं फिरवायचा, तेही अनवाणी, कारण चपलांचा आवाज माइकमध्ये जायचा.

"तुमचं चाक साऱ्या जगाला दिसतं," तो काकांना म्हणायचा, "आणि माझं तोंड माझ्या बायकोलाही दिसत नाही."

"तिचं पुण्य म्हण," काका म्हणायचे.

चाकाचा कारभार तसा साधा. मधोमध जुन्या ट्रकची बेअरिंग, कडेला पितळी खुंट्या, दोन खुंट्यांमध्ये एकेका बक्षिसाचं घर, आणि वर एक चामड्याची पट्टी. तिला सगळे जीभ म्हणत. चाक फिरलं की खुंट्या जिभेला थापडा मारत जात, टकटकटकटक, आणि प्रत्येक थापडेला चाकाचा वेग थोडा थोडा खर्ची पडे. भजन सरताना टाळ मंदावत जावेत तसा तो आवाज मंदावे. शेवटची एखादी खुंटी जिभेवर चढू की नको करत राही, आणि सगळा हॉल श्वास धरून बसे.

पण काकांचा जीव होता तो त्या लाकडात. "चाकाला आरपार सांधा नको," ते म्हणायचे. "सांधा आला की पट्ट्या आल्या, स्क्रू आले. चाक जड बाजूला झुकणारच. मग ते नशीब कसलं? ती लबाडी. वर एकाला तोंड दाखवायचंय मला." म्हणून त्यांनी पातळ फळ्यांचे थर एकमेकांवर चढवले, एकाचा जोड दुसऱ्याच्या पोटाखाली दडवला आणि चाक असं एकजीव केलं की ते कुठे थांबेल हे त्यांनाही सांगता येत नसे.

जीभ कापायची काकू. चपला शिवणाऱ्याच्या घरातली लेक ती, चामडं बोटांनी ओळखायची. पुढे तिचं अंग एका बाजूनं गेलं आणि खिडकीजवळची खाट हेच तिचं जग झालं. तरी खेळ लागला की ती डोळे मिटून ऐकायची आणि काका घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच म्हणायची, "अहो, जीभ ताठरलीय. तेल द्या तिला, नाहीतर बदला."

मग एके दिवशी खेळ बंद झाला. नवा खेळ पडद्यावरच्या चित्रातल्या चाकाचा. त्याला ना खुंटी, ना जीभ. टकटक तेवढी रेकॉर्ड करून घातलेली.

"माझाच आवाज चोरला मेल्यांनी," काकू म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आपल्या चाकाचं काय?"

काकांनी ते आधीच ठरवलं होतं. त्यांच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, अंध मुलांची शाळा होती. मुख्याध्यापिकाबाई चाक ठेवून घ्यायला तयार होत्या. न पाहता, नुसत्या कानांनी खेळता येईल असा खेळ मुलांना दुसरा कुठला मिळणार? शाळेचं फाटक मोठं, हॉल मोठा. आणि हॉलच्या खिडक्या बरोबर काकूच्या खिडकीसमोर.

"म्हणजे मला ऐकू येईल?" काकूचा चांगला हात पांघरुणावर उठून बसला.

"रोज."

त्या दिवशी तिनं दोन घास जास्त खाल्ले. बऱ्याच दिवसांत काही मागितलं नव्हतं तिनं. काका मनात म्हणाले, देवा, एवढं घडू दे.

स्टुडिओ रिकामा करायच्या दिवशी काका आणि रंगारी चाक उतरवून दारापाशी घेऊन आले. आणि दारात ते अडलं.

उभं धरलं, अडलं. तिरपं धरलं, तरी अडलं. काकांनी खुंट्या उपटल्या. दोन बोटं जागा मिळाली. मधला तुंबा, म्हणजे बेअरिंगभोवतीचा लाकडी गड्डा, काढला, दाराची चौकट उखडली. आणखी चार बोटं. हवी होती हातभर.

"आत आलं कसं मग हे?" रंगाऱ्यानं घाम पुसत विचारलं.

चाक आत आलंच नव्हतं. ते आतच जन्मलं होतं, पूर्वी तिथे गोदामाचं भलंमोठं शटर होतं तेव्हा. पुढे बाहेरचा गोंगाट नको म्हणून शटरच्या जागी जाड भिंत उठली आणि तिच्यात हे दार बसलं. आणि दार बसवलं होतं काकांनीच. मापं त्यांनीच घेतली होती: कॅमेऱ्याच्या गाडीची, कपाटाची, सोफ्याची. चाकाचं माप घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. देव्हारा बांधताना देव बाहेर कसा न्यायचा, हे कोण मोजतं?

ते साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हता, पण जागा विकली गेली होती.

"काका, दाराच्या माथ्यावरून नव्या लोकांच्या सगळ्या वायरी गेल्यात. चाकासाठी भिंत फोडू?"

"मी पुन्हा बांधून देतो, साहेब. माझ्या हातानं."

"माझ्या हातात काही राहिलेलं नाही. उद्या ते ताबा घेतायत. कापा आणि न्या. नाहीतर ते जाळतील."

काकांनी शाळेत फोन लावला. बाई म्हणाल्या, "अहो, मग जोडून आणा की! मुलांना काय कळणार?"

"त्यांनाच कळेल, बाई," काका हळूच म्हणाले.

पण रिकाम्या हातानं घरी जायचं तरी कसं? काकू खिडकी उघडी ठेवून बसली होती.

करवत काकांनीच चालवली. रंगारी पुढे झाला तर म्हणाले, "राहू दे. दुसऱ्याचा हात नको." रंगाऱ्यानं चाक धरून ठेवलं आणि तोंड फिरवलं. एरवी त्याला दर वाक्याला विनोद सुचायचा, त्या दिवशी एकही सुचला नाही. दोन अर्ध्या भाकऱ्या दारातून सरसर निघून गेल्या.

शाळेच्या हॉलमध्ये काकांनी ती जोडली. मागे लोखंडी पट्ट्या मारल्या, हलक्या बाजूला शिशाचे तुकडे ठोकून तोल सावरला, काढले, पुन्हा ठोकले. करवतीच्या दात्यांनी खाल्लेलं लाकूड मात्र परत येत नव्हतं. गोल आता गोल राहिला नव्हता आणि तुंब्यात डोळ्यांना न दिसणारी डुगडुग आली होती.

मुलं आली, खुंट्या चाचपल्या, हसली. पहिल्यांदा फिरलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फिरलं. मग दोन वेण्या घातलेली एक मुलगी चाकाकडे कान लावून म्हणाली, "काका, हे शेवटी जरा मागे येतं, आणि मग तिथंच थांबतं. मी आता तेच घर घेणार."

"मीपण!" दुसरा ओरडला.

"मीपण तेच!"

सगळ्यांनी एकच घर धरलं. चाक फिरलं, सगळे जिंकले. मग मुलं पांगली आणि अंगणात घंटीच्या चेंडूनं खेळू लागली.

काका रस्ता ओलांडून घरी आले. काकू डोळे मिटून पडली होती, चेहरा खिडकीकडे. ते खाटेच्या काठावर बसले. कुणीतरी जाता जाता पुन्हा एकदा चाक फिरवलं असावं, कारण समोरून आवाज आला. टकटकटक, टक टक, टक... आणि मग उलटा, एकच, बारीकसा टक.

"जीभ चांगली आहे," काकू म्हणाली. आणखी काही म्हणेल म्हणून काका वाट बघत राहिले. जुनं चाक असतं तर तिनं विचारलं असतं, कुठं थांबलं हो?

"खिडकी लावून घ्या," ती म्हणाली. "वारा येतोय."

वारा नव्हता. काकांनी उठून खिडकी लावली.